लाकडी घरातली शिअर वॉल: छपरापासून पायापर्यंत

गॅरेजमध्ये गणपतीचं मखर ज्यानं एकदा तरी स्वतः ठोकलंय, त्याला शिअर वॉल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चार पट्ट्या आणायच्या, चौकट करायची, कोपऱ्यांत दोन-दोन खिळे मारायचे. उभी केली की चौकट डुलते. कोपऱ्यात आणखी चार खिळे मारले तरी डुलतेच. मग कोणीतरी मागच्या बाजूनं प्लायवुडचा पातळ तुकडा कडेकडेनं ठोकतो आणि चौकट एकदम गप्प होते. चौकोनाचा तिरका पतंग व्हायला त्या तुकड्यानं मज्जाव केलेला असतो.

शिअर वॉल म्हणजे हेच. फरक इतकाच, की इथे मखराऐवजी काही टनांचं घर डुलणार असतं.

मी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात घरांची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज करतो. दर उन्हाळ्यात कुणा ना कुणा मराठी मित्राचा फोन येतोच: "अरे, मागच्या अंगणात एडीयू (आवारातलं छोटं स्वतंत्र घर) बांधतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो इंजिनिअरनं उगाच एवढे खिळे नि लोखंड दाखवलंय. जरा बघतोस का?" बघतो. आजवर तरी 'उगाच' दाखवलेलं फारसं सापडलेलं नाही. हा लेख म्हणजे त्या फोनवर एरवी तुटक-तुटक दिलेलं उत्तर आहे. यातले आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या घरासाठी इंजिनिअरच्या शिक्क्याच्या ड्रॉइंगवर जे लिहिलंय तेच खरं.

दोन पहाटा

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन आटोपून किल्लारी आणि आसपासची गावं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरची मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथली घरं लाकडी. भूकंपाचं आडवं बळ घराच्या वजनाच्या हिशोबानं लागतं आणि लाकूड हलकं, म्हणून बहुतेक घरं उभी राहिली.

पण सगळी नाही. नॉर्थरिज मेडोज नावाची तीन मजली लाकडी इमारत तळमजल्यावर बसली आणि १६ माणसं गेली. खाली गाड्यांसाठी मोकळ्या जागा सोडलेल्या, आणि ज्या भिंती होत्या त्यांचा भरवसा बराचसा स्टको (बाहेरचा सिमेंटचा गिलावा) नि ड्रायवॉलवर (आतले जिप्समचे तक्ते). हे दोन्ही पदार्थ कडक असतात, पण धक्के पुन्हापुन्हा बसू लागले की चुरा होतात. नॉर्थरिजनंतर असल्या भिंती आणि उंच-अरुंद भिंती, दोन्हींबाबत बांधकामाचा कोड कडक झाला.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २००९ मध्ये जपानमधल्या मिकी गावच्या राक्षसी कंपन-मंचावर लाकडी चौकटीची सहा मजल्यांची पूर्ण आकाराची इमारत हलवून पाहिली. लाकडी शीट ठोकलेल्या भिंती, खिळ्यांचं काटेकोर जाळं आणि भिंतींच्या टोकांना पायापर्यंत गेलेल्या लोखंडी सळया. ती टिकली. म्हणजे लाकूड कमी पडत नाही, आपण त्याचे सांधे कमी करतो.

आधी बळाची वाट शोधा

ड्रॉइंग हातात आलं की बहुतेक लोक भिंती बघतात. तुम्ही सांधे बघा. भूकंपात छपराला मागेपुढे जायचं असतं. ते बळ छपराच्या प्लायवुडमधून भिंतीच्या वरच्या पट्ट्यांत, म्हणजे टॉप प्लेटमध्ये, उतरायला हवं. टॉप प्लेटमधून खिळ्यांवाटे भिंतीच्या शीटमध्ये, म्हणजे तिच्यावर ठोकलेल्या प्लायवुडमध्ये, शीटमधून पुन्हा खिळ्यांवाटे खालच्या पट्टीत, म्हणजे सिल प्लेटमध्ये, आणि तिथून बोल्टांनी काँक्रीटमध्ये. ही झाली सरकण्याची वाट. दुसरी वाट उलटण्याची. भिंतीला वरून आडवं ढकललं की तिचं एक टोक उचलू पाहतं. ते टोक खाली धरून ठेवतो तो होल्ड-डाउन: टोकाच्या उभ्या खांबाला (पोस्टला) लावलेला, सळईनं पायाला बांधलेला पोलादी कंस.

प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून विचारायचं: इथून पुढे बळ कशातून जातं? 'असंच जातं' असं उत्तर आलं की तिथे काहीतरी राहिलंय.

आता एक हिशोब करू, कारण आकड्यांशिवाय कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालता येत नाही. (इथे सगळं फूट-पौंडात चालतं. किलोत हवं असेल तर २.२ नं भागा.) समजा एडीयूच्या एका भिंतीच्या रेषेवर इंजिनिअरनं ३,००० पौंड आडवं बळ काढलंय. भिंत आठ फूट उंच, मधे खिडकी, दोन्ही बाजूंना चार-चार फुटांचे सलग तुकडे. एकूण सलग लांबी आठ फूट, म्हणजे दर फुटाला ३७५ पौंड.

१५/३२ इंच जाडीचं 'स्ट्रक्चरल वन' प्रतीचं प्लायवुड, डग्लस फरची चौकट आणि ८डी मापाचे कॉमन खिळे असतील, तर रोजच्या डिझाइन पद्धतीनं भूकंपासाठी मिळणारी ताकद अशी: शीटच्या कडेला खिळे ६ इंचांवर असतील तर फुटाला २८० पौंड, ४ इंचांवर ४३०, ३ इंचांवर ५५०, २ इंचांवर ७३०. शीट तेच, स्टड (भिंतीतले उभे वासे) तेच, फक्त खिळे जवळ आले आणि ताकद अडीचपटीहून अधिक वाढली.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "आम्ही नेहमी सहा इंचांवर मारतो." आठ फुटांना २८० नं गुणा: २,२४०. लागतात ३,०००. म्हणजे पाव भाग बळाला धरायला कोणी नाही. चार इंचांवर मारले की प्रश्न मिटला. एका चार बाय आठच्या शीटला त्यासाठी जेमतेम पंचवीस खिळे जास्त लागतात.

उलटण्याचं बघू. प्रत्येक तुकड्यावर १,५०० पौंड, उंची आठ फूट, म्हणजे १२,००० फूट-पौंड. भिंत चार फुटांची असली तरी होल्ड-डाउनची सळई टोकाच्या पोस्टच्या आत बसते, त्यामुळे हाताशी लांबी साडेतीन फुटांच्या आतच उरते. टोकाला ओढ आली साधारण ३,५०० पौंड. सिम्पसन कंपनीच्या एचडीयू या होल्ड-डाउन मालिकेतला सर्वांत छोटा एचडीयू-टू तीन हजारांच्या आसपास थांबतो, पुढचा एचडीयू-फोर साडेचार हजारांपर्यंत जातो. म्हणून फोर.

आणि आता घरातून फर्माईश येते: खिडकी जरा मोठी करूया ना! तुकडे तीन-तीन फुटांचे झाले. फुटाला बळ ५०० वर गेलं. कागदावर ३ इंचांच्या खिळ्यांचे ५५० दिसतात, पण भिंतीची उंची रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की कपात लागते, आणि तेही काठावर येतात किंवा पुरत नाहीत. होल्ड-डाउनवरची ओढ पाच हजारांच्या घरात जाते, म्हणजे फोरही बाद. दोन फूट भिंत गेली आणि सगळं गणित फिरलं. खिडक्यांचा हट्ट धरायचा तर ड्रॉइंग पास होण्याआधी. चौकट उभी राहिल्यावर नाही.

काँक्रीट ओतण्याआधी

शिअर वॉलचं निम्मं काम भिंत दिसायच्या आधीच होऊन जातं. काँक्रीट एकदा ओतलं की चुकीचा बोल्ट जागचा हलत नाही.

अँकर बोल्ट साधारण ५/८ इंची, काँक्रीटमध्ये किमान ७ इंच गेलेले, एकमेकांपासून जास्तीत जास्त ६ फुटांवर; शिअर वॉलखाली बहुतेक वेळा ड्रॉइंगमध्ये याहून जवळ दिलेले असतात. सिल प्लेटच्या प्रत्येक तुकड्याला किमान दोन, आणि टोकापासून १२ इंचांच्या आत एक. सिल प्लेट दाराशी तोडली की तिथून नवा तुकडा सुरू झाला, हे विसरलं जातं आणि मग दोन फुटांचा एक तुकडा एकाच बोल्टावर बसलेला सापडतो.

वॉशर गोल छोटा चालत नाही. ३ बाय ३ इंचांची, पाव इंचाच्या आसपास जाडीची चौकोनी पाटी लागते. कारण मजेशीर आहे. शीट सिल प्लेटच्या एका कडेला खिळलेलं असतं आणि बोल्ट असतो मध्यावर. शीट वर ओढलं गेलं की ती कड उचलली जाते, मध्य खाली धरलेला राहतो, आणि प्लेट लाकडाच्या रेषेबरोबर लांबीत उभी चिरते, सरपण फुटावं तशी. मोठी पाटी त्या कडेलाही दाबून धरते. म्हणूनच नियम असा, की पाटीची कड शीटच्या बाजूच्या कडेपासून अर्ध्या इंचाच्या आत हवी. २ बाय ४ च्या भिंतीत हे आपोआप जमतं. २ बाय ६ च्या भिंतीत बोल्ट मध्यावर असेल तर पाटी कडेपासून सव्वा इंच लांब राहते. तिथे बोल्ट शीटच्या बाजूला सरकवून लावायचा किंवा मोठी पाटी घ्यायची. ही चूक मी चांगल्या चांगल्या कामांत पाहिली आहे.

होल्ड-डाउनचे लांब बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये हातानं खुपसायचे नाहीत. फॉर्मच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) लाकडावर पट्टी ठोकून तिला आधी बांधायचे. पोस्टची जागा ड्रॉइंगवरून मोजायची, मग पोस्टच्या आतल्या पृष्ठापासून दीडएक इंच सोडून सळईचा मध्य. नेमकं माप त्या-त्या होल्ड-डाउनच्या पत्रकात असतं. एका ओळखीच्या कामावर फॉर्मवाल्यानं सळया खिडकीच्या कडेपासून मोजल्या, आणि खिडकी मधल्या काळात बदललेली. दोन सळया पाच इंच बाहेर. त्या वाकवून बसवायचा बेत चालला होता. वाकवलेली सळई आधी सरळ होते, मग ओढ घेते. तोवर भिंत उचललेली असते. शेवटी भोकं पाडून एपॉक्सीनं नव्या सळया बसवल्या, त्याची वेगळी तपासणी झाली आणि आठवडा गेला.

चौकट

इथे फार वेळ घालवत नाही. स्टड १६ इंचांवर, सिल प्लेट प्रक्रिया केलेल्या लाकडाची, टॉप प्लेट दुहेरी. तीन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या.

एक, होल्ड-डाउनला लागणारा पोस्ट ४ बाय ४ किंवा ४ बाय ६ असेल तर तोच घाला. दोन स्टड जोडून चालणार असतील तर ते एकमेकांना कसे खिळायचे हे ड्रॉइंगमध्ये असतं. नुसते शेजारी उभे केलेले दोन स्टड म्हणजे पोस्ट नव्हे.

दोन, बळ फुटाला ३५० पौंडांच्या वर असेल तर जिथे दोन शीटांच्या कडा एकाच स्टडवर भेटतात तिथे ३ इंची स्टड मागितला जातो. दीड इंचाच्या स्टडवर दोन शीटांच्या दोन ओळी मारल्या की लाकूड चिरतं. आपल्या उदाहरणात चार फुटांच्या तुकड्यावर एकच शीट बसतं, त्यामुळे मधे सांधा येतच नाही. चार फुटांच्या पटीत भिंती आखण्याचा हा फायदा.

तीन, शीटच्या प्रत्येक कडेमागे लाकूड हवं. आडवा सांधा आला तर स्टडांच्या मधे ठोकळे भरा. मोकळी लोंबणारी कड काहीच धरत नाही.

शीट आणि खिळे

प्लायवुड की ओएसबी (लाकडाच्या चकत्या चिकटवून दाबलेलं शीट)? एकाच प्रतीच्या आणि जाडीच्या शीटला तक्त्यात ताकद तीच. ओएसबी स्वस्त, पण पावसात राहिलं की कडा फुगतात. घराखालच्या ओलसर जागेत मी प्लायवुडच सांगतो. शीटवरचा शिक्का वाचा: जाडी आणि 'स्ट्रक्चरल वन' आहे की नाही. फर्निचरचं गुळगुळीत प्लाय कितीही महाग असलं तरी इथे कामाचं नाही.

आता एक बारीकसा घोळ, जो जवळजवळ प्रत्येक आठ फुटी भिंतीत असतो. बाजारातला कापलेला स्टड ९२ ५/८ इंचांचा. खाली एक प्लेट दीड इंच, वर दोन प्लेटा तीन इंच. भिंतीची उंची झाली ९७ १/८ इंच. शीट ९६ इंचांचं. खालच्या कडेला जुळवून लावलं तर शीटची वरची कड वरच्या टॉप प्लेटवर जेमतेम चढते. खिळा कडेपासून ३/८ इंच आत मारायचा असतो, म्हणजे ९५ ५/८ इंचांवर. आणि दोन टॉप प्लेटांमधली फट नेमकी कुठे येते? ९५ ५/८ वरच. सगळी ओळ फटीत! बाहेरून सुंदर दिसते, आत लाकडात काही नाही. यावर उपाय म्हणजे ९७ इंची किंवा नऊ फुटी शीट आणून वरच्या प्लेटपर्यंत न्यायचं. ते मिळत नसेल तर ओळ खालच्या टॉप प्लेटच्या मध्यावर उतरवता येईल का, हे इंजिनिअरला विचारायचं. स्वतः ठरवायचं नाही.

शीटांच्या मधे १/८ इंच फट सोडा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कडा एकमेकींना ढकलून शीट पोट काढतं.

मग खिळे. सगळा लेख खरंतर एवढ्यासाठी. भूकंपात लाकडी घराला वाचवतं ते शीटचं कडकपण नाही. हजारो खिळे थोडे थोडे वाकतात, परत वाकतात, आणि त्या वाकण्यात धक्का जिरतो. म्हणून इथे स्क्रू नको. ड्रायवॉलचा काळा स्क्रू टणक पोलादाचा असतो, वाकत नाही, तुटतो. "स्क्रू जास्त घट्ट धरतो" असं सांगणारा हमखास भेटतो, आणि त्याचं खरंही आहे. घट्ट धरतो, आणि मग एका झटक्यात सोडतो.

८डी कॉमन म्हणजे ०.१३१ इंच जाड, अडीच इंच लांब. १०डी कॉमन म्हणजे ०.१४८ इंच जाड, तीन इंच लांब. डब्यावर '८डी' लिहिलेलं असूनही आत ०.११३ इंची बारीक खिळे असू शकतात. खिळ्यांच्या बंदुकीसाठी तसे सर्रास मिळतात. ताकदीचा तक्ता त्यांच्यासाठी वेगळा आणि कमी. एका मित्राच्या कामावर तीन भिंती ठोकून झाल्यावर तपासनीसानं जमिनीवर पडलेली खिळ्यांची रिकामी पट्टी उचलून बघितली आणि काम थांबवलं. पुन्हा सगळ्या कडांनी, जुन्या खिळ्यांच्या मधे-मधे, योग्य खिळे मारावे लागले. त्या दिवसापासून मी लोकांना सांगतो: पहिल्याच दिवशी डब्याचा फोटो काढा, लांबी-जाडी वाचा, मग बंदूक हातात घेऊ द्या.

खिळ्याचं डोकं शीटच्या पृष्ठाशी सपाट बसायला हवं. बंदुकीचा हवेचा दाब जास्त ठेवला की डोकं आत घुसतं, शीटचा वरचा थर फाटतो आणि पातळ झालेल्या शीटमधून खिळा ओढला जातो. अर्ध्या इंचाच्या शीटमध्ये डोकं अष्टमांश इंच आत गेलं, तर तुम्ही तेवढ्यापुरतं पातळ शीट विकत घेतलंत असं समजा. दाब कमी ठेवा, खिळा किंचित बाहेर राहू द्या आणि शेवटचा ठोका हातोडीनं द्या. वेळ जातो, हात भरून येतात, पण दुसरा सोपा मार्ग नाही. थोडे खिळे जास्त घुसले असतील तर रूढ उपाय म्हणजे दर दोन घुसलेल्या खिळ्यांमागे एक जादा खिळा मधे मारणं. भिंतभर घुसले असतील तर इंजिनिअरला बोलवा.

कडेपासून ३/८ इंच, आणि आतल्या स्टडांवर १२ इंचांवर. खिळा स्टडला चुकला ('शायनर' म्हणतात, कारण आतून चकाकताना दिसतो) तर तो मोजायचा नाही. भिंतीच्या आत जाऊन टॉर्च मारून बघा, एका नजरेत कळतं. प्रक्रिया केलेल्या सिल प्लेटमधले खिळे गरम जस्त चढवलेले घ्या. बहुतेक प्रक्रियांमधलं तांबं साध्या खिळ्याला गंजवतं.

आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट. होल्ड-डाउन ज्या पोस्टला लावलाय, त्याच पोस्टला शीटच्या कडेची दाट खिळ्यांची ओळ हवी. अनेकदा असं होतं, की पोस्टच्या बाहेर खिडकीचा आणखी एक स्टड असतो. शीटची कड त्या स्टडवर संपते, दाट खिळे तिथे पडतात, आणि पोस्टवर १२ इंचांचे विरळ. आता उचलू पाहणारं बळ त्या बाहेरच्या स्टडमध्ये आणि होल्ड-डाउन शेजारच्या पोस्टला. दोघांची भेटच नाही! दहा-दहा जाड स्क्रू मारलेला तो होल्ड-डाउन मग नुसता शोभेचा. पोस्टची रेघ शीटवर पेन्सिलीनं ओढून घ्या आणि तिथेही चार इंचांवर मारा.

वरचा सांधा, जो कोणी बघत नाही

खाली एवढं लोखंड लावून वर छप्पर नुसतं टेकवून ठेवलं तर? होतं असं. राफ्टर (छपराचे तिरके वासे) किंवा ट्रसच्या (छपराच्या तयार कैच्या) मधे, भिंतीच्या बरोबर वर, ठोकळे हवेत. छपराचं प्लायवुड त्या ठोकळ्यांना वरून खिळलेलं आणि ठोकळे टॉप प्लेटला पत्र्याच्या क्लिपांनी जोडलेले. क्लिपा किती अंतरावर हे ड्रॉइंगमध्ये असतं. पोटमाळ्याला हवा मिळावी म्हणून ठोकळ्यांना भोकं असतात, ती असू द्या. ठोकळाच गाळू नका.

टॉप प्लेट खिडकीवरून पुढच्या तुकड्यापर्यंत बळ ओढून नेते. ती मधेच तोडून पाइप नेला असेल तर वर पोलादी पट्टी लागते. प्लंबर हे सांगायला येणार नाही. घराच्या आतली शिअर वॉल असेल तर आणखी एक पाहा: ती छतापाशी थांबते की छपरापर्यंत जाते? छताच्या ड्रायवॉलपाशी थांबलेली भिंत छपराला हातच लावत नाही. तिचं शीट वर न्यायचं किंवा तिच्यावरचा ट्रस त्यासाठी खास बनवून घ्यायचा.

भोकं आणि गॅरेज

भिंत तयार झाली की तिच्यात भोकं पाडणारे येतात. सगळ्यांत वाईट म्हणजे विजेचं मुख्य पॅनेल. ते भिंतीत आत बसवायचं असतं आणि बाहेरच्या कोपऱ्यावरची शिअर वॉल त्याला नेमकी सोयीची वाटते. १४ इंच रुंद, दोन-अडीच फूट उंच चौकोन शीटमधून कापला गेला की त्या भिंतीचा हिशोब संपला. पॅनेल कुठे लागणार हे इंजिनिअरला आधी सांगा. पाइपचं एखादं गोल भोक शीटच्या मध्यावर सहसा खपतं. कडेच्या खिळ्यांच्या ओळीत नाही आणि होल्ड-डाउनच्या पोस्टमध्ये तर कधीच नाही.

गॅरेजच्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत उरते दीड-दोन फूट, आणि वर अनेकदा बेडरूम असते. तिथे साधी प्लायवुडची भिंत बसत नाही. कारखान्यात बनलेले अरुंद पॅनेल किंवा पोलादी चौकट लागते. महाग असते. इथे पैसे वाचवायचा मोह झाला तर वरचा नॉर्थरिजचा परिच्छेद पुन्हा वाचा.

जुनं घर असेल तर

ओकलंड, बर्कली, सॅन होजेच्या जुन्या वस्त्यांत १९८० च्या आधीचं घर घेतलं असेल, तर बहुधा घराखाली रांगत जायची जागा असते आणि पाया व पहिल्या मजल्याच्या मधे दोन-चार फुटांच्या बुटक्या लाकडी भिंती. यांना क्रिपल वॉल म्हणतात. बाहेरून नुसत्या फळ्या किंवा स्टको, आतून उघडे स्टड. धक्क्यात या भिंती आडव्या होतात आणि अख्खं घर पायावरून खाली उतरतं. ऑगस्ट २०१४ च्या नापाच्या ६.० च्या भूकंपातही हे दिसलं.

दुरुस्तीचा क्रम वरच्यासारखाच, फक्त पोटावर सरपटत करायचा. आधी सिल प्लेटमध्ये टोचून बघा, वाळवीनं किंवा ओलीनं मऊ झाली असेल तर तिला बोल्ट लावून उपयोग नाही. आधी ती बदला. मग सिल प्लेटमधून पायात बोल्ट, चौकोनी पाट्यांसह. भिंत इतकी बुटकी असेल की उभं ड्रिल मावत नाही, तर पायाच्या बाजूला बसणाऱ्या पोलादी पाट्या मिळतात. मग आतून १५/३२ चं प्लायवुड, दर दोन स्टडांमधल्या जागेत वर-खाली हवेसाठी गोल भोकं ठेवून. शेवटी वरची प्लेट आणि मजल्याच्या तुळया यांना जोडणाऱ्या क्लिपा. जुनी सिल प्लेट स्टडपेक्षा रुंद असते, त्यामुळे शीटला खाली पाठीमागे लाकूडच मिळत नाही. स्टडांच्या मधे, सिल प्लेटवर, ठोकळे ठोकून घ्यावे लागतात. ठोकळ्याला बारीक भोकं आधी पाडा, नाहीतर दाट खिळ्यांनी तो चिरतो आणि सगळं पुन्हा.

कॅलिफोर्नियात 'अर्थक्वेक ब्रेस प्लस बोल्ट' नावाची योजना आहे. पात्र पिनकोडमधल्या जुन्या घरांना या कामासाठी ३,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. नोंदणी ठरावीक काळातच उघडते आणि काम सुरू करण्याआधी निवड व्हावी लागते, त्यामुळे उत्साहाच्या भरात आधी बोल्ट मारून मोकळे होऊ नका. गावाचा परवाना यालाही लागतोच.

झाकण्याआधी

शिअर वॉलची तपासणी स्टकोखालचा कागद आणि स्टको चढण्याच्या आधी होते. काही गावांत कडेचे खिळे ४ इंच किंवा त्याहून जवळ असले की स्वतंत्र तपासनीसही लागतो. तारीख आधीच घेऊन ठेवा. त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः एक फेरी मारा, हातात ड्रॉइंगचं शिअर वॉल शेड्युल (भिंतींचा तक्ता) आणि टेप. प्रत्येक भिंतीवर स्प्रेनं तिचा क्रमांक लिहून घ्या आणि टेप लावून फोटो काढा, सिल प्लेटच्या पाट्यांपासून वरच्या क्लिपांपर्यंत. उद्या सोलर लावताना किंवा खिडकी बदलताना आत काय आहे ते भिंत न फोडता दाखवता येतं.

आणि ड्रायवॉलवाले येण्याच्या दिवशी सकाळी पाना घेऊन होल्ड-डाउनचे सगळे नट पुन्हा एकदा घट्ट करा. चौकट उभी केल्यापासून लाकूड सुकतं, आकसतं, आणि दोन महिन्यांपूर्वी कचकचीत आवळलेला नट बोटानं फिरतो.